चोपन्न लिटरचा समुद्र

अरे, दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी टाकी घ्यायचं तू ठरवलं आहेस, असं तुझ्या आईकडून कळलं. तीही खाऱ्या पाण्याची, पोवळ्यांची. मला मनापासून आनंद झाला. फोनवर सांगितलेलं लक्षात राहत नाही, म्हणून बसून लिहून काढते आहे. यातलं बरंचसं मला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका जुन्या दुकानदारांनी शिकवलं. १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडलं, तेव्हा शाळेतून रांगेत उभं राहून मासे बघितलेल्या पिढीतले ते. विकण्यापेक्षा समजावण्यात त्यांचा जास्त वेळ जायचा. त्यांच्या सवयी माझ्या हाताला लागल्या, आता तू उचल.

लहान टाकी सोपी असते, असं तुला कोणीही सांगितलं असलं तरी ते डोक्यातून काढून टाक. गोड्या पाण्यात एक वेळ चालून जाईल, खाऱ्या पाण्यात नाही. तुझ्या मापाची टाकी काठोकाठ भरली तर साधारण ५४ लिटरची. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की हातात येतं जेमतेम ४५ लिटर पाणी. मोठ्या टाकीत एखादा मासा दगडाआड मेला तर सडण्याचं विष एवढ्या पाण्यात पसरून पातळ होतं, आणि तुला कळेपर्यंत दोन दिवस गेले तरी बाकीचे तग धरतात. तुझ्याकडे तेच काम एका रात्रीत होईल. उष्णता, बाष्पीभवन, जास्त पडलेलं खाणं, गेलेली वीज, सगळ्यांचा हिशोब असाच. थोडं पाणी म्हणजे थोडा अवधी. पुढे मी जे जे सांगणार आहे ते या एका गोष्टीसाठी आहे: तुझ्या हाताशी अवधी कसा वाढेल.

आधी जागा. भरलेली टाकी, दगड आणि काच मिळून ७५-८० किलोपर्यंत जाते. टीव्हीच्या कपाटावर ती ठेवायची नाही. लोखंडी स्टँड करून घे किंवा चांगल्या मरीन प्लायचा कर, आणि भरण्यापूर्वी पाणसळ लावून बघ. खिडकीतलं ऊन टाकीवर येता कामा नये, नाहीतर शेवाळ आणि तापमान दोन्ही हाताबाहेर जातात. स्वयंपाकघर नको, फोडणीचा धूर आणि तेलाचा तवंग पाण्यावर बसतो. देवघराशेजारी तर अजिबात नको, ते का हे पुढे सांगते. काच ६ मिलिमीटरची पुरे. टाकी बनवणाऱ्याला बजावून सांग की सिलिकॉन मत्स्यालयाचंच हवं. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशी मारणारं औषध घातलेलं असतं आणि ते पाण्यात उतरतं.

आता पाणी. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण नव्या माणसाचं लक्ष माशांवर असतं आणि टाकी बिघडते पाण्यापायी.

समुद्र एवढा जवळ असताना चौपाटीवरून कॅन भरून का आणू नये, हा प्रश्न तुला पडणारच. आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात गाळ असतो, सांडपाणी असतं, आणि पावसाळ्यात चार महिने खाडीचं गोडं पाणी मिसळून त्याचा खारेपणा रोज वेगळा असतो. मग दुसरा प्रश्न येतो: घरचं मीठ नाहीतर मिठागरातलं जाडं मीठ का चालत नाही, तेही समुद्राचंच ना? उरणच्या बाजूला कधी गेलास तर मिठागर नीट बघ. पाणी एका ताटीतून पुढच्या ताटीत घेत घेत घट्ट करतात. त्यात आधी चुना आणि जिप्सम खाली बसतं, म्हणजे कॅल्शियम मागे राहिलं. मग मीठ धरतं. उरलेलं कडवट पाणी काढून टाकतात, त्याबरोबर मॅग्नेशियम जातं. हातात येतं ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. पोवळ्याला हाडासारखा सांगाडा बांधायला नेमकं तेच कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लागतं जे वाटेत राहिलं. म्हणून टाकीसाठी तयार मिळणारं रीफ सॉल्टच घे. त्यात सगळं प्रमाणात परत मिसळलेलं असतं.

ते मीठ कालवायचं पाणी नळाचं नको. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, फॉस्फेट असू शकतं, सोसायटीत टँकर आला की काय काय येतं ते कोणालाच ठाऊक नसतं. घरचा प्यायच्या पाण्याचा आरओही तसाच वापरू नकोस. चव यावी म्हणून त्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळण्याची किंवा खनिजं घालण्याची सोय केलेली असते. विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवून बघ, शून्य येणारच नाही. छोटा वेगळा आरओ घे आणि त्याच्यापुढे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची नळी लाव. मीटरवर शून्य दिसलं तरच ते पाणी टाकीचं. रेझिन संपत आलं की मीटर शून्य सोडतो, त्या दिवशी रेझिन बदलायचं, पुढच्या आठवड्यात नाही.

खारेपणा ३५ हवा, म्हणजे एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. घनतेच्या भाषेत १.०२५ ते १.०२६. दहा लिटरला साधारण ३७० ग्रॅम मीठ लागतं, कारण पुड्यातल्या मिठात थोडा ओलावा असतो. तरी पुड्यावर लिहिलेलं प्रमाण वाच. बादलीत आधी पाणी, मग मीठ, आणि छोटा पंप लावून रात्रभर फिरू दे. टाकीत मासे असताना वरून मीठ कधीही टाकायचं नाही. मोजायला तरंगणारा काचेचा काटा घेऊ नकोस, त्याच्यावर बुडबुडा चिकटला तरी आकडा बदलतो. रिफ्रॅक्टोमीटर घे, आणि तो साध्या पाण्यावर शून्याला लावून गप्प बसू नकोस. ३५ चं प्रमाणित द्रावण बाटलीत मिळतं, त्याच्यावर लाव. शून्याला बरोबर असलेला मीटर ३५ ला दोनने चुकीचा असू शकतो.

आता बाष्पीभवन बघ. पाणी उडतं, मीठ उडत नाही. उन्हाळ्यात पंखा लावलेल्या तुझ्या टाकीतून रोज लिटरभर पाणी सहज उडेल. शुक्रवारी तू गावाला गेलास आणि सोमवारी आलास तर ४५ लिटरचं ४२ झालेलं असेल आणि ३५ चा खारेपणा ३७.५ वर गेलेला असेल. मासा एक वेळ सोसेल, कोळंबी आणि गोगलगाय नाही सोसणार. म्हणून रोज उडालेलं पाणी रोज भरायचं, आणि ते आरओचं गोडं पाणी भरायचं, खारं नाही. काचेवर पेनाने बारीक रेघ मार आणि पाणी त्या रेघेवर ठेव. जमलं तर पातळी बघून आपोआप पाणी सोडणारा छोटा पंप सुरुवातीलाच बसव. दिव्यावर पैसे वाचव, यावर वाचवू नकोस. त्या पंपाच्या गोड्या पाण्याचा डबा मात्र पाच लिटरचाच ठेव. सेन्सर अडकला तरी पाच लिटरपेक्षा जास्त पाणी टाकीत जाणार नाही.

तापमान २५ ते २६ अंश. मुंबईत हेच सगळ्यात अवघड. एप्रिल-मे आणि पुन्हा ऑक्टोबरात बंद घरातली टाकी दुपारी ३१ ला पोचते. पोवळ्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, प्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं पोवळ्याला देतं. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी तापलेलं राहिलं की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर पडतं आणि पोवळं पांढरं फटक पडतं. १९९८ आणि २०१६ साली लक्षद्वीपच्या प्रवाळबेटांवर हेच झालं. तुझ्या दिवाणखान्यात ते मे महिन्यातल्या एका आठवड्यात होऊ शकतं. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा वारा मारणारा छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात. कमीच पडलं तर चिलर. पण चिलर स्टँडच्या बंद कपाटात कोंबायचा नाही, तो स्वतःचीच गरम हवा परत ओढतो. जानेवारीच्या पहाटेसाठी ५० वॅटचा हीटरही असू दे, आणि त्याच्या स्वतःच्या थर्मोस्टॅटवर विसंबू नकोस, वेगळा कंट्रोलर लाव. हीटर बंद व्हायचा विसरला तर ४५ लिटर पाणी तापायला किती वेळ लागणार?

दगडांबद्दल आता जे सांगते ते कानाआड करू नकोस. जुनी माणसं ‘जिवंत दगड’ वापरायची, समुद्रातून जीवजंतूंसकट उचलून आणलेला. ते दिवस गेले आणि जायलाच हवे होते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००१ साली पोवळी आणि समुद्रघोडे त्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले, वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच. मालवणला स्नॉर्कलिंग करताना हाताशी आलेला पांढरा मेलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही. बाजारात दबक्या आवाजात कोणी ‘अंदमानचा माल’ म्हणाला तर तिथून पाठ फिरव. मुंबईला पोवळी आहेत हेच पुष्कळांना माहीत नसतं. हाजीअली आणि वरळीच्या खडकांवर ती गढूळ पाण्यातही तग धरून होती, आणि २०२० साली किनारी रस्त्याच्या कामासाठी त्यांच्या वसाहती काढून दुसरीकडे लावाव्या लागल्या. त्यांच्या वाढीचा वेग बघितलास, एका वर्षात कित्येकदा बोटाच्या पेरापेक्षाही कमी, म्हणजे तो तुकडा तोडणाऱ्याने काय तोडलं ते समजेल. आपली टाकी समुद्रावरच्या प्रेमापोटी आहे. तिच्यासाठी समुद्रातून ओरबाडायचं असेल तर टाकी नको.

तेव्हा कोरडा, कारखान्यात बनवलेला सच्छिद्र दगड घे, चार-पाच किलो. वाळू अरॅगोनाइटची, दोन-तीन सेंटिमीटरचा थर, स्वच्छ धुऊन. दगड थेट काचेच्या तळावर टेकव आणि मग वाळू ओत. वाळूवर दगड ठेवलास आणि खालून कोळंबीने भुयार खणलं तर ढिगारा काचेवर येतो. मागच्या काचेपर्यंत भिंत रचू नकोस, दगडाच्या चारही बाजूंनी पाणी फिरू दे आणि तुझा हात काच पुसायला आत जाऊ दे. पाणी फिरवायला ताशी हजारेक लिटरचा पॉवरहेड आणि मागे लटकणारा एक साधा फिल्टर, एवढ्यावर भागतं. फेसातून घाण काढणारा प्रोटीन स्किमर या मापाला लागत नाही, पाणी बदलणंच पुरतं.

पाणी, वाळू, दगड झाले की टाकी रिकामी चालवायची. मासा नाही, काही नाही. महिना ते दीड महिना. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. तो खाणारे जिवाणू दगडावर वाढावे लागतात. ते त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही धोक्याचे, आणि समुद्राच्या अल्कधर्मी पाण्यात अमोनिया जास्तच जाळतो. जिवाणूंना वाढायला खाद्य हवं, म्हणून सुरुवातीला आपणच अमोनिया द्यायचा. पूर्वी कोळणीकडून आणलेली एक सोललेली कोळंबी टाकीत सडू देत. त्यात किती अमोनिया झाला ते कळत नाही आणि घरभर वास सुटतो. त्यापेक्षा प्रयोगशाळेच्या दर्जाचं अमोनियम क्लोराइड घे. कल्हईवाल्याचा नवसागर तोच, पण अशुद्ध, तो नको. ४५ लिटरला साधारण ०.२८ ग्रॅम टाकलं की अमोनिया २ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत दोन भाग, होतो. माझ्या टाकीतला एक छोटा दगड मी तुला विरजण म्हणून देईन, त्याने वेळ थोडा वाचेल. दर दोन दिवसांनी थेंबांच्या टेस्ट किटने मोज, कागदी पट्ट्यांनी नाही. आज टाकलेला २ पीपीएम अमोनिया उद्या याच वेळेला शून्य दिसला आणि नायट्राइटही शून्य दिसलं की टाकी तयार. साचलेलं नायट्रेट उतरवायला अर्धं पाणी बदल आणि मग पहिला जीव आण.

या दीड महिन्यात घरचे विचारतील, मासे कधी येणार? त्यांना रोज दगड दाखव. पहिल्यांदा तो निव्वळ पांढरा असतो. मग त्याच्यावर तपकिरी पूड बसते, ती डायटमची. मग हिरवे केस. कधी लालसर चिकट पडदा. टाकी दोन-तीन महिने कुरूप दिसते, आणि बरेच लोक याच वेळी बाटलीतलं काहीतरी औषध ओततात. ओतू नकोस. टाकी तयार झाली की गोगलगायी आण, तोवर टूथब्रशने घास, दिवा आठ तासांवर ठेव, खाणं कमी कर. मात्र शेवाळाच्या भीतीने नायट्रेट आणि फॉस्फेट पार शून्यावरही नेऊ नकोस. तिथे डायनोफ्लॅजेलेट नावाचा कितीतरी चिवट प्रकार डोकं वर काढतो, आणि पोवळीही उपाशी राहतात. नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असलं की बरं. भिंग घेऊन एखाद्या रात्री दगडाजवळ बस. दिवा गेल्यावर तासाभराने लाल बॅटरीने बघ: काचेवर पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारतात, ते कोपेपॉड. दगडाच्या भोकातून केसाळ किडा अर्धा बाहेर येतो आणि चाहूल लागताच आत ओढला जातो. काही महिन्यांनी एखाद्या कडेला जांभळ्या रंगाचा खरखरीत डाग दिसेल, नखाने निघणार नाही असा. ते चुनखडी शेवाळ. ते आलं की मला फोन कर, कारण तिथून टाकीचा जम बसायला लागतो.

मासे. या टाकीला दोन क्लाउनफिश पुरेत, आणि दोनच. निळा सर्जनफिश, ज्याच्यासाठी पोरं हट्ट धरतात, तो फूटभर वाढतो आणि त्याला पोहायला सहा फुटांची टाकीही कमी पडते. मँडरिन दिसायला देखणा, पण तो दिवसभर जिवंत कोपेपॉड टिपत फिरतो आणि तुझ्या टाकीतले आठवडाभरात संपवून हळूहळू उपाशी मरतो. क्लाउनफिश हॅचरीत जन्मलेलेच घे. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीची पद्धत बसवली आहे, आणि ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही शोभिवंत सागरी माशांच्या पैदाशीचं काम झालं आहे. हॅचरीतलं पिल्लू दाणे खायला शिकलेलं असतं. समुद्रातून पकडलेला मासा कित्येकदा खातच नाही. एक मोठं आणि एक लहान पिल्लू निवड. सगळे क्लाउन आधी नर म्हणून वाढतात, मग जोडीतला मोठा मादी होतो. सारख्या मापाचे दोन घेतलेस तर ते ठरेपर्यंत भांडतात. त्यांच्यासाठी समुद्रफूल (अॅनिमोनी) आणावंसं वाटेल, ते नको. लहान टाकीत ते चालत चालत पॉवरहेडमध्ये जातं आणि त्याचे तुकडे सगळी टाकी मारतात. क्लाउनला त्याच्यावाचून काही अडत नाही. आणि वर जाळी लाव, मासे उडी मारतात. नीट ठेवलेला क्लाउन वीस वर्षांहून जास्त जगू शकतो. तुझं लग्न, बदली, घर बदलणं हे सगळं तो बघणार आहे, तेव्हा विकत घेतानाच तेवढा विचार कर.

मासा आणल्यावर तीन-चार आठवडे वेगळ्या साध्या टाकीत ठेव. अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके आले तर तो क्रिप्टोकॅरियॉन, आणि त्याच्यावर तांब्याचं औषध चालतं. पण तांबं मुख्य टाकीत कधीच नाही. कोळंबी, गोगलगाय, पोवळं, कोणीच तांबं सोसत नाही, आणि ते दगडात शिरलं की निघत नाही. पितळेची तोटी, तांब्याचा तांब्या, टाकीच्या कामात काहीही वापरू नकोस.

पोवळ्यांचं बोलायचं तर कठीण सांगाड्याची पोवळी तू आणायची नाहीत. कायदा तर आहेच, शिवाय ४५ लिटरमध्ये त्यांचं रोजचं कॅल्शियम-क्षारीयतेचं गणित सांभाळणं नव्या हाताला झेपत नाही. मऊ जाती घे, त्याही दुसऱ्या छंदिष्टाच्या टाकीत वाढलेल्या पोवळ्याचा कापलेला तुकडा. कोणाकडून, कुठल्या टाकीतून आला हे जो सांगू शकत नाही, त्याच्याकडून घ्यायचा नाही. मशरूम, झोअँथिड, झेनिया या पुष्कळ झाल्या. झेनिया हाताची मूठ उघडमीट करावी तशी सारखी हलत राहते, तासन् तास बघत बसशील. पण ती पसरते फार, म्हणून तिला मुख्य दगडापासून वेगळ्या छोट्या दगडावर ठेव. नवा तुकडा आधी तळाशी, मंद उजेडात. आठवडाभर उघडला तर थोडा वर घे. क्षारीयता ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास. मऊ जातींना हे दर आठवड्याच्या पाणीबदलातूनच मिळत राहतं, बाटल्या ओतायची गरज नाही.

झोअँथिडच्या बाबतीत मी कडक बोलणार आहे. काही झोअँथिडांमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं फार जहाल विष असतं. कापताना हातमोजे आणि चष्मा घालायचाच, बोटाला जखम असेल तर पाण्यात हातच घालायचा नाही. ते असलेला दगड कधीही उकळायचा नाही, त्याच्यावर गरम पाणी ओतायचं नाही, घासायचा नाही. वाफेतून विष श्वासात गेल्यामुळे परदेशात अख्खी कुटुंबं रुग्णालयात गेल्याच्या नोंदी आहेत. घरात लहान मूल असेल तर ही जात आणूच नकोस, मशरूमवर खूष राहा.

आता देवघराचं. आपल्या घरांत हवेतून विष येतं याकडे कोणाचं लक्ष नसतं. डासांची कॉइल, भिंतीला लावायचं लिक्विड, झुरळांचा स्प्रे, यांत पायरेथ्रॉइड असतं. माणसाला त्याचा फारसा त्रास होत नाही, पण मासे आणि कोळंबीला ते अगदी थोड्या प्रमाणातही मारतं, आणि हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. ज्या खोलीत टाकी आहे तिथे कॉइल-लिक्विड नाही, मच्छरदाणी लाव. सोसायटीचं पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी हवेचा पंप बंद, टाकीवर प्लास्टिक झाकून कडा चिकटपट्टीने बंद, पाणी पॉवरहेडने फिरतं ठेवायचं, आणि काम झाल्यावर खिडक्या उघडून तास-दोन तास जाऊ दे. शक्य असेल तर त्या खोलीत फवारूच नकोस म्हणून सांग. देवघरातला रोजचा आणि गणपतीतला धूप-कापूर, दिवाळीत फटाक्यांचा धूर, फरशीचं फिनेल, तुझं अत्तर लावलेलं मनगट, सगळ्यांची हीच गोष्ट. टाकीत हात घालण्यापूर्वी साध्या पाण्याने कोपरापर्यंत धू, साबणाने नाही. टाकीची बादली, मग, कापड वेगळं ठेव आणि त्यावर जाड अक्षरांत लिही, म्हणजे कामाच्या मावशी ती फरशीला घेणार नाहीत.

विजेचं थोडक्यात. प्रत्येक वायर प्लगच्या खाली एकदा झोळ देऊन मग वर ने, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली पडेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, तेव्हा ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असलेल्या बोर्डावरच टाकी चालव आणि हात घालताना सगळं बंद कर. वीज गेली की पाणी थांबतं आणि ऑक्सिजन झपाट्याने कमी होतो. बॅटरीवर आपोआप सुरू होणारा हवेचा पंप घेऊन ठेव, घरी इन्व्हर्टर असेल तर पॉवरहेड त्याच्यावर घे. दिवा गेला तरी चालतो, पाणी फिरलं पाहिजे.

दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं, म्हणजे जवळजवळ पाच लिटर. त्याच वारी, त्याच वेळी. तापमान, खारेपणा, नायट्रेट, काय काय केलं, हे स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकटीत दुधाच्या हिशोबाशेजारी लिही. वेगळी वही काढलीस तर महिन्यात बंद पडेल. खाणं दिवसातून एकदा, अर्ध्या मिनिटात संपेल एवढंच. गावाला जाताना शेजाऱ्यांना डबा देऊन जायचं नाही. प्रेमाने मूठभर टाकतात आणि तुझ्याकडे एवढं थोडं पाणी. रोजची एक अशा कागदाच्या पुड्या बांधून दे आणि बाकीचा डबा कपाटात कुलपात ठेव. दोन दिवसांचा प्रवास असेल तर उपास घडू दे, काही होत नाही.

एक गोष्ट मात्र या लहान टाकीच्या बाजूची आहे आणि ती मोठ्या टाकीवाल्यांना मिळत नाही. तुझ्यावर कसलंही संकट आलं, काही सांडलं, काही मेलं, अमोनिया दिसला, तर २० लिटर पाण्याने अर्धी टाकी नवी होते. चारशे लिटरवाल्याला तेवढ्यासाठी टँकर मागवावा लागेल. म्हणून कालवलेलं, ३५ वर मोजलेलं, झाकण लावलेलं २० लिटर खारं पाणी घरात कायम तयार असू दे, गॅलरीत नाही, सावलीत. वापरलंस की त्याच रात्री दुसरं कालवायला ठेव. आधी टाकीच्या तापमानाला आण, मग ओत.

कधी टाकी बंद करायची वेळ आली तर मासे, झेनिया, गोगलगायी दुसऱ्या छंदिष्टाला दे. खाडीत किंवा समुद्रात सोडायचं नाही, गोगलगायसुद्धा नाही. बाहेरचे जीव आणि बाहेरचे रोग आपल्या किनाऱ्यावर नेऊन टाकणं हेही समुद्राचं नुकसानच.

रविवारी कुर्ल्याच्या बाजारात टाकी आणि स्टँड बघायला जाऊ. बाजारात गेल्यावर मासे बघायचे, घ्यायचे नाहीत. तोवर रिफ्रॅक्टोमीटर घेतलास तर येताना तो घेऊन ये, माझ्याकडे ३५ च्या द्रावणाची नवी बाटली आहे, तिच्यावर तो लावून घेऊ.